वर्गणी घ्या, पण ताईचं नाव बॅनरवर नको

नमस्कार काकू,

मी मानेवाड्याला आईसोबत राहते. वय ३१, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. माझी मोठी बहीण ४३ वर्षांची, कामठी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी तिला हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार निघाला. बाबाही असेच हातपाय उडवत, चिडचिड करत गेले. तेव्हा डॉक्टरांनी कंपवात म्हटलं, आजीने करणी म्हटली. जिजाजींचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. दुकान आणि ताई दोन्ही तेच सांभाळतात. भाची १९ची, भाचा १६चा.

मला काहीतरी करायचंय. वस्तीतल्या गणेश मंडळाची पोरं म्हणतात, यंदा वर्गणीतला वाटा या आजाराच्या संशोधनाला देऊ, ताईचा फोटो लावून बॅनर करू, मारबतीच्या मिरवणुकीत या रोगाचा बडग्या, म्हणजे पुतळाही काढू. जिजाजी ऐकून भडकले. म्हणाले, घरातलं दुखणं चौकात न्यायचं नाही, पोरीचं लग्न व्हायचंय. आईसुद्धा त्यांच्याच बाजूने. इकडे भाची म्हणते, मावशी, मला टेस्ट करायची, तू सोबत चल, घरी सांगू नको. शाळेतून सुट्ट्यांचा तगादा आहे म्हणून ताई दिवाळीनंतर राजीनामा देणार आहे. काकू, मी चुकतेय का? आणि आमच्या पन्नास हजारांनी संशोधनाला काही फरक पडतो का, की ते सगळं अमेरिकेतच चालतं?

— एक धाकटी बहीण, नागपूर

प्रिय धाकटी,

तू विचारलंस संशोधनाचं, पण मी आधी राजीनाम्याचं बोलते. पत्राच्या शेवटी घाईत लिहिलेलं ते एक वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. बाकी सगळं दिवाळीनंतरही करता येईल, पण एकदा मंजूर झालेला राजीनामा परत आणणं महाकठीण. आजच ताईला फोन कर आणि सांग, कुठल्याच कागदावर सही करू नको.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २०(४) मध्ये स्पष्ट लिहिलंय: सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर त्याला कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलताही येत नाही. हातातलं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर, त्याच सवलतींसह दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जास्तीच्या पदावर ठेवायचं. जिल्हा परिषदेची शाळा यात बसते. पण हे सगळं नोकरीत असलेल्या माणसासाठी. स्वतःहून घरी बसणाऱ्याला हा कायदा विचारत नाही. "मॅडम, आता त्रास नका घेऊ, आराम करा," असं शाळेत कोणी मायेनेही म्हणत असेल. मायेने म्हणो की कंटाळून, पगार तर तुमच्या घरचा जाणार, आणि निवृत्तीला अजून पंधरा वर्षं आहेत. या आजारात खर्च हळूहळू वाढत जातो, हेही ध्यानात ठेव.

कागद असे जमव. न्यूरॉलॉजिस्टचं निदान, जनुकीय चाचणीचा रिपोर्ट, आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि मग मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या बोर्डासमोर जायचं. तिथे खिडकीवर कोणी म्हणेल, यादीत हंटिंग्टन नाही. खरंच नाव नाही. पण कायद्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार हा एक प्रकार आहे, आणि त्याखाली मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन ही नावं 'जसे की' म्हणून दिलेली आहेत. फक्त हेच दोन असं कुठे म्हटलेलं नाही. हे शांतपणे दाखव, भांडू नको. बोर्डासमोर ताईला 'मी बरी आहे' असं म्हणायची सवय असेल, तर सोबत जिजाजींनी जावं. या आजारात माणसाला स्वतःच्या हालचाली, स्वतःच्या चुका खरोखर जाणवत नाहीत. ती खोटं बोलत नसते, मेंदूच तिला तसं सांगत असतो.

प्रमाणपत्र हातात आलं की मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या: वर्गावर शिकवणं जमत नाही, कलम २०(४)प्रमाणे दुसरं काम द्यावं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आणि तू अकाउंट्सची आहेस म्हणून एक पुस्ती. आयकराच्या जुन्या पद्धतीत उपचारखर्चाची जी वजावट आहे (१९६१च्या कायद्यातली ८०डीडीबी), तिच्या यादीत 'कोरिया' हे नाव छापलेलं आहे. देश नव्हे, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचालींना डॉक्टर कोरिया म्हणतात, आणि हंटिंग्टनचं ते ठळक लक्षण. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर साठीच्या आतल्या माणसाला ४०,००० रुपयांपर्यंत. शिवाय दिव्यांग व्यक्तीसाठीच्या वजावटीचे (त्याच कायद्यातली ८०यू) ७५,००० ताई स्वतः घेऊ शकते. नवी पद्धत निवडली असेल तर हे दोन्ही हातचे जातात, म्हणून दोन्हीकडचा हिशेब मांडून बघ.

आता मंडळाकडे येते.

तुझ्या पत्रात जिजाजी काय म्हणतात ते आहे, आई काय म्हणते ते आहे, भाची आणि मंडळाची पोरं काय म्हणतात तेही आहे. ताई काय म्हणते, ते कुठेच नाही. फोटो तिचा, आजार तिचा, आणि तिला कोणी विचारलेलं दिसत नाही. मुद्दाम झालं असेल असं मी म्हणत नाही. या आजारात उत्तर यायला वेळ लागतो, आणि घरातले तेवढा वेळ थांबत नाहीत, मग हळूहळू तिला वगळूनच बोलायची सवय पडते. तू असं कर. सकाळी, तिचं पोट भरलेलं असताना, टीव्ही बंद करून समोर बस. एका वेळी एकच प्रश्न विचार, तोही हो किंवा नाही असा: "ताई, तुझा फोटो बॅनरवर लावलेला तुला चालेल?" मग गप्प बस. मनात हनुमानस्तोत्राची चार कडवी होतील इतका वेळ लागला तरी मधे शब्द घालू नको. तिला प्रश्न समजलेला असतो, उत्तर तोंडापर्यंत यायला उशीर होतो एवढंच. दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचार. दोन्ही वेळा 'हो' आलं तर बघू. 'नाही' आलं तर विषय संपला, जिजाजींशी वाद घालायचं कारणही उरत नाही.

आणि ताई 'हो' म्हणाली तरी माझं मत बॅनरच्या विरोधातच आहे. त्या बॅनरवर फक्त ताई नसेल. ज्याला हंटिंग्टनचं थोडंफार ठाऊक आहे असा कोणीही तो वाचून सांगेल, की तिच्या दोन्ही मुलांना आणि तुलाही तो असण्याची शक्यता अर्धी-अर्धी आहे. भाचा १६चा आहे. दहीहंडीला मित्रांसोबत त्याच चौकात उभा राहणारा पोरगा. त्याची परवानगी घेण्याइतकाही तो मोठा नाही. म्हणून या एका बाबतीत जिजाजी बरोबर आहेत.

पण त्यांची सगळी भीती मी मान्य करत नाही. लपवण्याची किंमत तुमच्या घराने एकदा मोजली आहे. बाबांच्या वेळी खरं नाव कळलं असतं, तर ताईला पहिला पेला हातातून सुटला तेव्हाच डॉक्टर गाठता आला असता. दुखणं घरातच ठेवायचं म्हणजे शेजारीण विचारेल तेव्हा काय सांगायचं, हेही ठरवावं लागतं. ताई सीताबर्डीला तोल जाऊन चालली तर लोक म्हणतील, बाई दारू प्यायलेली दिसते. मेट्रोत, बँकेत, शाळेच्या फाटकावर हेच होतं. म्हणून तिच्या पर्समध्ये एक छोटं कार्ड ठेवा: मला मेंदूचा आजार आहे, त्यामुळे हालचाल आणि बोलणं असं होतं, खाली जिजाजींचा नंबर. ज्यांना कळायला हवं त्यांना कळावं आणि बाकीच्यांना नाही, इतकी मधली वाट असते. २०१७च्या मे महिन्यात पोपनी व्हॅटिकनमध्ये जगभरातल्या हंटिंग्टनच्या कुटुंबांना उघडपणे भेटायला बोलावलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या अगदी गरीब वस्त्यांमधली माणसंही आली. ती आपण होऊन आली होती. तुमच्याकडे फरक नेमका तिथेच पडतो.

मग मंडळाने करायचं काय? तुला आवडणार नाही असं सांगते: पन्नास हजार रुपये संशोधनाला पाठवू नका. निदान सगळे तरी नाही. प्रयोगशाळेच्या एखाद्या यंत्रासमोर ही रक्कम किती टिकेल, तुला अंदाज आहे. तेवढ्याच पैशात गणपतीपासून दिवाळीपर्यंत दुपारी चार तास नर्सिंग ब्युरोची बाई ताईजवळ बसू शकते. गांधीबागेत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. जिजाजींची वर्षाची कमाई तेव्हाच होते, आणि नेमकं तेव्हा ते दर तासाला घरी फोन करत असतील. पोरांना पैशाशिवायही कामं आहेत. बाथरूममध्ये आणि जिन्याला लोखंडी दांडा बसवणं. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत ओपीडीच्या दिवशी सकाळी जाऊन नंबर लावणं. उन्हाळ्यात कूलरचा स्टँड आणि वायर ताईच्या चालण्याच्या वाटेतून हलवणं. नागपुरात अर्ध्या घरांत कूलरखाली पाणी सांडलेलं असतं, आणि तोल जाणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

खाण्याचंही सांगून ठेवते, कारण याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं. या आजारात शरीर सतत हलत असतं, त्यामुळे वजन झपाट्याने उतरतं. ताईला तुमच्यापेक्षा जास्त खाणं लागतं. आणि गिळायला त्रास होऊ लागतो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे हंटिंग्टनमध्ये मृत्यूचं एक मोठं कारण आहे. तर्री-पोहे तिला कितीही आवडत असले तरी सुटे पोहे आणि वरचे चणे घशात अडकतात. मऊ भात, घट्ट वरण, तुपातला शिरा, दुधात कुस्करलेली पोळी चालेल. साधं पाणी पटकन ठसकतं, घट्ट पदार्थ हळू उतरतो. म्हणून मे महिन्यात गुळाच्या पाण्यात कालवलेलं घट्ट सातूचं पीठ दिवसातून दोनदा द्या. उन्हाळा आणि पोट दोन्ही सांभाळलं जाईल. जेवताना ताठ बसवा, टीव्ही बंद, गप्पा नंतर. ठसका वाढला तर गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टला दाखवा.

चिडचिडीबद्दल एवढंच: ती स्वभावाची नसते, आजाराची असते. पण निराशा खोल असेल, मरणाचं बोलणं येत असेल, तर ते 'आजारातलंच' म्हणून सोडून देऊ नका. हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिन काही जणांत निराशा वाढवतं, म्हणून ते सुरू असेल तर मनाची अवस्था डॉक्टरांना दर वेळी सांगायची. रात्री-बेरात्री बोलायला १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. जिजाजींसाठीही तो चालतो. ते लावणार नाहीत, ठाऊक आहे मला, तरी फ्रिजवर लिहून ठेव.

आता संशोधन. ते अमेरिकेतच चालतं का? चाललं बरंचसं तिकडे, पण नुसतं तिकडच्या पैशावर नाही. जॉर्ज हंटिंग्टन हा २२ वर्षांचा डॉक्टर होता. १८७२ साली त्याने या आजाराचं वर्णन लिहिलं, आणि ते जमलं कारण त्याचे वडील आणि आजोबा त्याच गावात डॉक्टर होते. एकाच घरातल्या पिढ्या त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे १९६८मध्ये अमेरिकेतले मनोविश्लेषक मिल्टन वेक्सलर यांच्या पूर्वपत्नीला हा आजार निघाला, तेव्हा त्यांनी संशोधनासाठी संस्था काढली. त्यांची मुलगी नॅन्सी व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराच्या काठी वर्षानुवर्षं जात राहिली. तिथे हा आजार गावंच्या गावं धरून होता. तिच्या चमूने १८,००० माणसांची वंशावळ मांडली, ४,०००च्या वर लोकांचं रक्त गोळा केलं. त्या रक्तावरून १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावरची जागा सापडली आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक. नॅन्सीला स्वतःलाही हा आजार असल्याचं तिने २०२० साली जाहीर केलं.

म्हणजे या शोधाला सगळ्यात मोठी देणगी कोणी दिली? काठावरच्या कोळ्यांनी, दंडातलं रक्त देऊन. आणि त्यांची घरं गरीबच राहिली, हेही त्याच गोष्टीत लिहिलेलं आहे. म्हणून कोणी संशोधनासाठी काही मागितलं की मी आधी विचारते, बदल्यात कुटुंबाला काय मिळणार?

तुमच्या घराकडे देण्यासारखं जे आहे ते पैशापेक्षा दुर्मिळ आहे: तीन पिढ्यांची माहिती. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत हंटिंग्टनवर वर्षानुवर्षं काम चाललंय, जनुकीय तपासणी आणि समुपदेशनही होतं. एकदा ताईला तिथे दाखवा. संघमित्रा एक्सप्रेसने रात्रीची दगदग आहे, सोबत दोन माणसं हवीत, आणि मंडळाचे पैसे खर्च करायला ही जागा मला बॅनरपेक्षा कितीतरी योग्य वाटते. संशोधनात नाव नोंदवायचं असेल तर संमतीपत्र मराठीत वाचून दाखवायला सांगा: नाव गुप्त राहील का, रक्ताचं पुढे काय होईल, मधेच बाहेर पडता येईल का. तिन्हीची उत्तरं लेखी मिळाली पाहिजेत. बाबांची जी काही जुनी कागदं, एखादा लग्नातला व्हिडिओ, त्यांच्या चालण्यातला फरक दाखवणारा, असेल तर सोबत न्या. हंटिंग्टन डिसीज सोसायटी ऑफ इंडिया नावाची या कुटुंबांची संस्थाही आहे. तिथे तुला तुझ्यासारख्या दुसऱ्या मावश्या भेटतील. देणगी द्यायचीच तर अशा संस्थेला द्या, करसवलतीची पावती आणि मागच्या वर्षाचा ताळेबंद मागून. मागायला लाजू नको, तुझा तर धंदाच तो.

मेंदूदान करायचं का, असंही कोणीतरी तुला विचारेल. निम्हान्समध्ये त्यासाठी ब्रेन बँक आहे. पण मेंदू मृत्यूनंतर काही तासांतच काढावा लागतो आणि नागपूरहून ते अवघड, तेव्हा त्या आश्वासनात ताईला आज गुंतवू नको.

आणि हे फार महत्त्वाचं. आजाराचं नाव चार ठिकाणी गेलं की फोन येतील: स्टेम सेलने बरं करतो, इतके लाख आणा. हंटिंग्टन उलटवणारा किंवा थांबवणारा मान्यताप्राप्त उपचार आज बाजारात नाही. स्टेम सेलबाबत आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर ते फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. आणि खरी चाचणी असेल तर ती सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत सापडते, तिला एथिक्स कमिटीची परवानगी असते आणि चाचणीतल्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की फोन ठेवायचा.

खऱ्या प्रयत्नांचेही चढउतार असतात. २०२१ साली टोमिनर्सेन या औषधाची मोठी चाचणी फायदा दिसेना म्हणून मधेच थांबवावी लागली. जगभरातली हजारो घरं त्या दिवशी खचली. सप्टेंबर २०२५मध्ये एएमटी-१३० या जनुकोपचाराची बातमी आली: मेंदूत शस्त्रक्रियेने सोडायचं औषध, जास्त डोस मिळालेले आणि तीन वर्षं पूर्ण झालेले १२ रुग्ण, आणि आजाराची वाढ ७५ टक्क्यांनी मंदावल्याचा कंपनीचा दावा. तुलना चाचणीबाहेरच्या रुग्णांच्या नोंदींशी केलेली आहे. बातमी मोठी आहे, मीही ती दोनदा वाचली. पण बारा माणसांवरून ताईला 'आता औषध आलं' असं सांगू नको.

भाचीकडे वळते. ती १९ची आहे, सज्ञान आहे, चाचणी करायची की नाही हे ठरवायचा हक्क तिचा. आजीचा नाही, जिजाजींचा नाही, तुझाही नाही. पण 'तू चल, घरी सांगू नको' या वाक्याला मी हो म्हणणार नाही. तू सोबत जा, मात्र लॅबमध्ये नव्हे, आधी समुपदेशकाकडे. घरी येऊन रक्त नेणाऱ्या पोराला बोलावून ही चाचणी करायची नसते. जगभर पद्धत अशी आहे: आधी जनुकीय समुपदेशन, मनाची तपासणी, विचार करायला वेळ, मग रक्त, मग समोर बसवून निकाल, सोबत विश्वासाचं माणूस. यात कुठल्याही पायरीवर थांबता येतं. रक्त देऊनही निकाल न घेणारे असतात. आकडे समजून घेतले तर तिची धास्ती थोडी बांधात येईल. चौथ्या गुणसूत्रावरच्या त्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं किती वेळा लागोपाठ येतात ते मोजतात. २६ पर्यंत काही नाही. २७ ते ३५ असेल तर स्वतःला धोका नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ला आजार होईलही, न होईलही. ४० किंवा जास्त असेल तर पूर्ण आयुष्यात तो होणारच. कधी सुरू होईल ते मात्र आकडा नेमकं सांगत नाही. आणि ज्यांना धोका आहे त्यातले बहुतेक लोक चाचणी न करायचंच ठरवतात, हेही तिला सांग. घाबरट म्हणून नव्हे, तर कळून आज करण्यासारखं फारसं काही नाही म्हणून. भाच्याची चाचणी १८ व्हायच्या आधी कोणीही करू नये. शाळेत पेन पडला तरी 'तुलाही झालं का' असं घरात कोणी म्हणू नये, हे जास्त महत्त्वाचं.

लग्नाचं म्हणशील, तर बॅनरवरून पाहुण्यांना कळणं जितकं वाईट, तितकंच साखरपुड्यानंतर कळणं. मुलगा पसंत पडला की भाचीने स्वतः त्याला सांगावं, तिच्या शब्दांत, मोठ्यांच्या बैठकीत नव्हे. लपवून केलेलं लग्न पुढे कोर्टात 'महत्त्वाची गोष्ट लपवली' या मुद्द्यावर अडकू शकतं, हे जिजाजींना दुकानदाराच्या भाषेत समजाव; माल दाखवून विकायचा असतो, असं म्हणालीस तर ते चिडतील, पण पटेल. मूल हवं असेल तेव्हा आयव्हीएफमध्ये भ्रूण तपासण्याचा मार्गही आहे, तो समुपदेशक सांगेल.

भाचीचा धोका तू लिहिलास, स्वतःचा नाही. मी खोदत नाही. कधी लिहावंसं वाटलं तर लिही, छापणार नाही.

मंडळाच्या अध्यक्षांना मी सांगते तसं कळव. गणपतीच्या वर्गणीची परवानगी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क खाली मिळते, तेव्हा आजारासाठीचे पैसे त्यात मिसळू नका. परवानगीत तो हेतू लिहा, पावतीपुस्तक वेगळं, हिशेब वेगळा. बॅनर काढायचाच असेल तर त्यावर माणूस नको, माहिती हवी: हंटिंग्टन म्हणजे काय, तो दारूमुळे होत नाही, करणीने होत नाही, शिवल्याने लागत नाही. खाली मेडिकलच्या न्यूरॉलॉजी ओपीडीचा दिवस आणि १४४१६. बडग्या काढायला माझी हरकत नाही, ईडा-पीडा सगळीच मारबतीसोबत जावी. पण त्या बडग्याचे हातपाय हलवत कोणी नाचणार नाही, एवढं पोरांकडून आधी कबूल करून घे.

— तुझी काकू